नस ब्लॉक झाली, स्प्रिंग टाकायची का, ट्रायलमध्ये जायचं का: खान्देशातून येणारे नेहमीचे प्रश्न

आधी सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. नाशिकला एका हॉस्पिटलात सहा वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर होतो, म्हणजे पेशंटला संमतीचा कागद वाचून दाखवायचा, तपासणीच्या तारखेला फोन करायचा, फाईल पूर्ण ठेवायची, हे काम. आता अमळनेरला घरी आलोय पण फोन काही थांबत नाहीत, कुणाचे सासरे, कुणाचा मेव्हणा, कुणाच्या गल्लीतले नाना, आणि प्रश्न तेच ते, म्हणून एकदाचं सगळं टाइप करून ठेवतोय.

ट्रायल म्हणजे आपल्यावर प्रयोग करतात ना?

हो, प्रयोगच असतो, उगाच गोड शब्द कशाला वापरायचा. पण लोकांच्या डोक्यात जे चित्र असतं की कुणीतरी अंगात काहीतरी नवीन टोचून बघतंय, तसं नस उघडण्याच्या मोठ्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा नसतं. दोन्ही उपचार आधीपासून चालू असलेलेच असतात, एका गटाला स्टेंट (नसेत बसवायची स्प्रिंग) आणि गोळ्या, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या, किंवा एकाला स्टेंट आणि दुसऱ्याला बायपास, आणि कुणासाठी काय बरं तेवढंच बघायचं असतं. अगदी नवीन स्टेंटची किंवा नवीन औषधाची ट्रायल असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कागद दोनदा वाचायचा.

मग कुणाला काय द्यायचं हे डॉक्टर का ठरवत नाही, कॉम्प्युटर चिठ्ठी का काढतो?

रावेरकडच्या एका शेतकऱ्याला मी हे केळीवरून सांगितलं होतं आणि त्याला लगेच पटलं. विहिरीजवळच्या काळ्या जमिनीतल्या बागेला तुम्ही नवीन खत दिलं आणि टेकाडावरच्या मुरमाड तुकड्याला जुनं, आणि मग काळ्या जमिनीत घड मोठे आले, तर ते खताचं की जमिनीचं? डॉक्टरच्या हातात निवड दिली की तो साहजिकच धडधाकट माणसाला स्टेंटकडे पाठवेल आणि किडनी खराब, अंग सुजलेल्या आजोबांना गोळ्यांवर ठेवेल, मग स्टेंटवाले जास्त जगले तरी ते स्टेंटमुळे जगले असं म्हणता येत नाही. चिठ्ठीने दोन्ही गटांत सारखीच जमीन येते, एवढंच.

फुगा आणि स्प्रिंग तर इतक्या वर्षांपासून चालू आहे, अजून तपासायचं काय राहिलं?

आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरने सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिकला माणसाच्या हृदयाची नस पहिल्यांदा फुग्याने उघडली. पण फुगवलेली नस काही महिन्यांत परत आवळायची म्हणून १९८६ पासून आत जाळी बसवायला लागले, ती जाळी म्हणजेच आपल्याकडे ज्याला स्प्रिंग म्हणतात तो स्टेंट, आणि नुसत्या फुग्यापेक्षा जाळी बरी हे १९९४ च्या बेनेस्टेंट आणि स्ट्रेस या दोन ट्रायलनी दाखवलं. मग जाळीतच पुन्हा मांस वाढायला लागलं म्हणून औषध लावलेली जाळी आली. प्रत्येक पायरीला कुणीतरी दोन गट करून मोजलं म्हणून पुढे गेलं.

आणि नवीन ते चांगलंच असं नसतं. विरघळणारा स्टेंट आठवतोय का, तीन वर्षांत आपोआप गायब होणार म्हणून काय जाहिरात होती, आमच्याकडे पेशंट स्वतःहून मागायचे. मोठ्या ट्रायलमध्ये सुरुवातीला ठीक दिसला पण पुढच्या वर्षांत त्यात रक्ताच्या गाठी साध्या स्टेंटपेक्षा जास्त व्हायला लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने तो विकायचा बंद केला. हे ट्रायलशिवाय कळलं नसतं.

अटॅक आला तर ट्रायल काय सांगतात? आमच्याकडून तर कॅथलॅब लांब आहे.

या प्रश्नाला जरा वेळ देतो कारण जीव इथे जातो. कॅथलॅब म्हणजे हॉस्पिटलातली ती खोली जिथे नळी घालून नस बघतात आणि उघडतात.

अटॅकमध्ये नस अचानक गाठीने बंद होते आणि हृदयाचं मांस मिनिटामिनिटाला मरत असतं. तेव्हा नस उघडायचीच, यावर वाद नाही, वाद फक्त कशाने यावर होता, गाठ विरघळवायच्या इंजेक्शनने की थेट अँजिओप्लास्टीने, म्हणजे फुगा आणि स्प्रिंगने. डेन्मार्कमध्ये २००३ साली डानामी-२ नावाची ट्रायल झाली, १५७२ पेशंट, त्यात लहान हॉस्पिटलात इंजेक्शन देण्यापेक्षा पेशंटला गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेऊन अँजिओप्लास्टी केलेली बरी असं निघालं. मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा लकवा हे सगळं मिळून महिन्याभरात १४.२ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आलं. झालं, तेव्हापासून सगळे सांगतात की अटॅकला अँजिओप्लास्टीच बेस्ट.

पण डेन्मार्कचा रस्ता आणि धडगावचा घाट एक आहे का हो? त्या ट्रायलमध्ये जवळजवळ सगळे पेशंट दोन तासांच्या आत पोचले होते. मोलगीकडच्या पाड्यावरून नंदुरबारला यायलाच तेवढा वेळ जातो, पावसाळ्यात विचारू नका, आणि त्याआधीचे दोन-तीन तास घरीच गेलेले असतात कारण काल शेवभाजी जास्त झाली असं म्हणून ओवा चावणं, सोडा पिणं चालू असतं. माझे मामा तर छातीवर हात ठेवून बसायचे आणि विचारलं की म्हणायचे, "माले काय व्हत नही."

म्हणून आपल्यासाठी दुसरी ट्रायल जास्त कामाची, तिचं नाव स्ट्रीम, २०१३ सालची, १८९२ पेशंट. यात मुद्दाम असे लोक घेतले ज्यांना दुखायला लागून तीन तास झालेले नाहीत पण तासाभरात अँजिओप्लास्टी होणं शक्य नाही. अर्ध्यांना जिथे आहेत तिथेच, कधी कधी ॲम्ब्युलन्समध्येच, इंजेक्शन दिलं आणि मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, अर्ध्यांना थेट अँजिओप्लास्टीला नेलं. मृत्यू, शॉक, हार्ट फेल्युअर किंवा पुन्हा अटॅक, हा महिन्याभराचा हिशोब जवळपास सारखा आला, इंजेक्शनवाल्यांत १२.४ टक्के आणि थेट अँजिओप्लास्टीवाल्यांत १४.३ टक्के. इंजेक्शनवाल्यांमध्ये मेंदूत रक्तस्राव थोडा जास्त होता, म्हणून ७५ च्या वरच्यांचा डोस मध्येच अर्धा करावा लागला, हेही सांगितलं पाहिजे. आणि एक गोष्ट लोक विसरतात, इंजेक्शनवाल्या साधारण तिघांपैकी एकाची नस नीट उघडली नाही आणि त्याला लगेच कॅथलॅबला न्यावं लागलं. म्हणजे इंजेक्शन घेतलं, दुखणं थांबलं, चला घरी, असं नाही, गाडी तशीच पुढे धुळ्याला, जळगावला, नाशिकला, सुरतला जिथे सोय आहे तिथे न्यायची. तमिळनाडूत याच पद्धतीने लहान हॉस्पिटलं मोठ्या कॅथलॅबला जोडून बघितली आणि तिथे फायदा दिसला. आपल्याकडे असं घट्ट जाळं असायला पाहिजे हे माझं स्वतःचं मत.

थोडक्यात, छातीत दुखलं की १०८ ला फोन आणि जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे आधी. ॲस्पिरिनचं विचाराल तर १९८८ च्या आयसिस-२ ट्रायलमध्ये १७१८७ पेशंट होते आणि नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू साधारण पाव हिश्श्याने कमी झाले, काही रुपयांची गोळी. पण अल्सर किंवा ॲलर्जी असलेल्याने आपल्या मनाने चावू नये, फोनवर डॉक्टरला विचारून घ्या.

अटॅक येऊन पंधरा दिवस झाले, त्रास काही नाही, अँजिओग्राफीत नस शंभर टक्के बंद दिसतेय. उघडून घ्यायची ना?

सगळ्यांना वाटतं हो, मलाही वाटायचं, बंद पाइप उघडला तर नुकसान काय. ओट नावाच्या ट्रायलने (२००६, २१६६ पेशंट) हेच विचारलं, अटॅकनंतर ३ ते २८ दिवसांत पूर्ण बंद सापडलेली नस उघडायची की गोळ्यांवर राहायचं. उघडून फायदा दिसला नाही, चार वर्षांत मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा हार्ट फेल्युअर उघडलेल्यांत १७.२ टक्के आणि न उघडलेल्यांत १५.६ टक्के. कारण उघड आहे, त्या नसेवरचं मांस जे मरायचं ते मेलेलं असतं, उभं पीक वाळल्यावर पाट सोडून काय होणार. पण हे स्थिर पेशंटचं, ज्याला अजून दुखतंय किंवा बीपी पडतंय त्याचं नाही. आणि अटॅकच्या वेळी मुख्य नस उघडली पण दुसऱ्या नसांतही मोठे ब्लॉकेज आहेत, तिथे मात्र कम्प्लीट ट्रायलने (२०१९, ४०४१ पेशंट) त्याही उघडलेल्या बऱ्या असं दाखवलं.

अटॅक नाही आलेला, पण चढ चढताना छाती भरून येते आणि रिपोर्टमध्ये ८० टक्के ब्लॉकेज आहे. डॉक्टर म्हणतात लगेच स्टेंट, नाहीतर गॅरंटी नाही.

सगळ्यात जास्त फोन याचेच. हे वाक्य, "गॅरंटी नाही", ते ऐकलं की घरातले सगळे घाबरतात आणि सोनं मोडायला निघतात. आमच्या ओळखीच्या एका घरात रात्री साडेदहाला कॅथलॅबच्या दारात सही घेतली, पेशंट आत टेबलवर आणि बायको बाहेर एकटी, मोठा मुलगा पुण्याहून निघालेला. त्या माणसाला अटॅक नव्हता. सकाळपर्यंत थांबून काही बिघडलं नसतं.

करेज ट्रायल २००७ ची, अमेरिका आणि कॅनडातले २२८७ पेशंट, सगळे असे स्थिर दुखण्याचे. अर्ध्यांना स्टेंट आणि गोळ्या, अर्ध्यांना गोळ्या, पथ्य, व्यायाम. साडेचार वर्षांनी मृत्यू किंवा अटॅक, स्टेंटवाल्यांत १९ टक्के, गोळ्यावाल्यांत १८.५. लोक म्हणाले यात फार जास्त आजारी पेशंट नव्हतेच, मग इस्केमिया नावाची मोठी ट्रायल झाली, ३७ देश, ५१७९ पेशंट, आपले भारतातलेही त्यात होते, आणि स्ट्रेस टेस्टमध्ये बरीच गडबड दिसलेलेच लोक घेतले. २०१९ च्या शेवटी निकाल आला, साधारण सव्वातीन वर्षांत जीव वाचण्यात किंवा अटॅकसारख्या मोठ्या घटना टळण्यात स्टेंट-बायपासने ठळक फरक नाही.

याचं कारण असं सांगतात की अटॅक बहुतेक वेळा त्या ८० टक्केवाल्या जुन्या कडक ब्लॉकेजमुळेच येतो असं नाही, कुठेतरी ३०-४० टक्क्यांचा मऊ थर फुटतो आणि त्यावर गाठ बसते. स्टेंट एका जागी बसतो, कोलेस्टेरॉलची गोळी सगळ्या नसांना पोचते.

मात्र इस्केमियामध्ये डाव्या मुख्य नसेत, ज्याला लेफ्ट मेन म्हणतात, मोठा ब्लॉकेज असलेले घेतले नव्हते, हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली असलेले नव्हते, नुकताच अटॅक येऊन गेलेले नव्हते, आणि ज्यांचं दुखणं गोळ्यांनी अजिबात आटोक्यात नाही असेही नव्हते. तुम्ही यांतले असाल तर ही ट्रायल तुमच्यासाठी नाही, तुमच्या डॉक्टरचं "लवकर करा" बरोबर असू शकतं. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो, डॉक्टरला विचारा: लेफ्ट मेन आहे का, पंपिंग किती, हे स्थिर आहे की वाढत चाललंय. बसल्याजागी दुखायला लागलं किंवा आठवड्याभरात वाढलं तर त्याला स्थिर म्हणत नाहीत, तेव्हा हा परिच्छेद विसरून दवाखान्यात जा.

म्हणजे स्थिर पेशंटला स्टेंट फुकटच?

असं कुठे म्हटलं. जीव वाचवायला नाही पण दुखणं कमी करायला उपयोग होतो, आणि दुखणं ही काय लहान गोष्ट नाही, ज्याला कपाशीच्या वेचणीला वावरात जायचंय त्याला विचारा. इस्केमियामध्येच ज्यांना रोज किंवा आठवड्याला दुखायचं त्यांच्यात तीन महिन्यांनी पूर्ण दुखणं थांबलेले स्टेंट-बायपासच्या बाजूला ४५ टक्के होते आणि गोळ्यांच्या बाजूला १५. ज्यांना आधीच दुखत नव्हतं त्यांना काही फायदा नाही, न दुखणाऱ्याचं आणखी काय कमी करणार.

खोटी अँजिओप्लास्टी करतात असं ऐकलं, खरं आहे का? हा तर फसवणुकीचा धंदा झाला.

खरं आहे, पण फसवणूक नाही, पेशंटला आधी सांगून सही घेऊन करतात. इंग्लंडमधली ऑर्बिटा, २०१७. दोनशे पेशंट, सगळ्यांना कॅथलॅबमध्ये घेतलं, गुंगी दिली, कानात हेडफोन, नळी सगळ्यांच्या आत गेली, पण स्टेंट निम्म्यांनाच बसवला. कुणाला बसला हे पेशंटलाही माहीत नाही आणि नंतर तपासणाऱ्यालाही नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर दोन गटांतला फरक १६.६ सेकंद, म्हणजे धरण्यासारखा नाही. केवढी आरडाओरड झाली. पण त्यात सगळ्यांना छातीदुखी आटोक्यात ठेवायच्या हृदयाच्या गोळ्या भरपूर दिलेल्या होत्या, म्हणून त्याच लोकांनी २०२३ मध्ये ऑर्बिटा-२ केली, ३०१ पेशंट, गोळ्या जवळजवळ बंद करून, आणि यावेळी स्टेंटचा फायदा स्पष्ट दिसला, बारा आठवड्यांनी दुखणं पूर्ण गेलेले ४० टक्के, खोट्यावाले १५. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या, स्टेंटने दुखणं कमी होतं आणि बऱ्याच जणांचं पूर्ण जातही नाही, कारण प्रत्येक छातीदुखी नसेचीच नसते.

खोट्याची गरज का पडते तर जुना किस्सा आहे. १९५० च्या दशकात छातीतली एक रक्तवाहिनी बांधून टाकायचं ऑपरेशन चालायचं, रक्त हृदयाकडे वळतं म्हणून, आणि पेशंट खुश असायचे. १९५९ मध्ये अमेरिकेत काही डॉक्टरांनी १७ पेशंटवर तपासलं, काहींची नस बांधली आणि काहींची फक्त कातडी कापून शिवली. कातडीवालेही तेवढेच खुश. ते ऑपरेशन लवकरच बंद पडलं. आपल्याकडे भगताच्या अंगाऱ्याने बरं वाटतं त्याला लोक हसतात, पण टाके घातल्यावरही तसंच बरं वाटतं बघा.

शुगर आहे आणि तीन नसा ब्लॉक आहेत. छाती उघडायची भीती वाटते, तीन स्टेंट टाकले तर?

भीती समजते पण इथे मी ठाम आहे, आधी हार्ट सर्जनचंही मत घ्या. फ्रीडम ट्रायल, २०१२, १९०० पेशंट, सगळे डायबेटिसचे आणि एकाहून जास्त नसा ब्लॉक असलेले. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा लकवा, स्टेंटच्या बाजूला २६.६ टक्के, बायपासच्या बाजूला १८.७. नुसते मृत्यू १६.३ विरुद्ध १०.९. लकवा मात्र बायपासमध्ये जास्त, ५.२ विरुद्ध २.४, हे लपवायचं नाही. एकच साधा ब्लॉकेज असेल तर हे आकडे तुमचे नाहीत.

स्टेंट बाहेरचा घ्यावा की देशी?

स्टेंटचे भाव २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने बांधून दिले, औषधवाला तेव्हा २९,६०० रुपयांवर आला, त्याआधी लाख-सव्वा लाख सहज लागायचे. नंतर तो आकडा बदलत गेलाय, बिलात स्टेंटची वेगळी ओळ बघा. देशीचं म्हणाल तर आपल्या शेजारी, तापीच्याच काठावर सुरतला बनलेला सुप्राफ्लेक्स स्टेंट युरोपात १४३५ पेशंटवर तिथल्या नावाजलेल्या झायन्स स्टेंटशी लावून तपासला, टॅलेंट ट्रायल, २०१९, आणि वर्षभरात तो कमी पडला नाही. म्हणजे देशी म्हणून नाक मुरडू नका. पण उलटही आहे, टक्सीडो नावाची ट्रायल आपल्या भारतातच झाली, १८३० डायबेटिसचे पेशंट, त्यात जुन्या पॅक्लिटॅक्सेल औषधाचा स्टेंट एव्हरोलिमस या नंतरच्या औषधाच्या स्टेंटपेक्षा स्पष्ट कमी पडला, आणि तो बाहेरचा होता. तेव्हा देश नाही, औषध आणि पिढी विचारा.

जाहिरातीत बिना ऑपरेशन ब्लॉकेज साफ म्हणतात, पायाला पट्टे बांधून किंवा सलाईनने?

पट्टेवाल्याला ईईसीपी म्हणतात, ३५ तासांचं असतं, त्यावर १९९९ ची १३९ पेशंटची ट्रायल आहे आणि दुखण्यात थोडा फरक दिसला, पण नस साफ होते असं त्यात काही नाही. सलाईनचं कीलेशन, त्याच्यावर टॅक्ट नावाची १७०८ पेशंटची ट्रायल २०१३ मध्ये आली आणि थोडा फायदा दिसला म्हणून डायबेटिसवाल्यांवर पुन्हा तपासलं, २०२४ मध्ये निकाल, फायदा नाही. "साफ" हा शब्द दिसला की पैसे खिशातच ठेवा.

या ट्रायलमध्ये आपल्यासारखी माणसं होती का? बायका होत्या का?

चांगला प्रश्न, आणि विचारणारी यावलची एक नर्स ताई होती. करेजमध्ये बायका १५ टक्के, इस्केमियात चौथ्या हिश्श्याहूनही कमी. अटॅकमध्ये बायकांच्याही छातीत दुखतंच, पण जबडा, पाठ, दम लागणं या तक्रारी पुरुषांपेक्षा जास्त असतात आणि बरेचदा आधी ॲसिडिटीच्या गोळ्या मिळतात. ट्रायलचा आकडा बायकांना लावताना थोडं सांभाळून.

मला ट्रायलमध्ये यायला विचारलंय. काय बघू?

संमतीचा कागद मराठीत मागा, घरी न्या, एक रात्र ठेवा. जे समजत नाही त्यावर पेनाने गोल करा. बघायचं ते असं: चिठ्ठीत दोन्ही बाजूंना काय मिळणार, तुमच्या तपासण्यांचे आणि येण्याजाण्याचे पैसे कोण देणार, काही झालं तर उपचार आणि भरपाई कुणाकडून, रात्री फोन कुणाला करायचा. एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलवर नजर ठेवणाऱ्या समितीचा, नंबर कागदावर असतो, तो नसेल तर सही करू नका. भारतातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्टरवर असते, २००९ पासून ती आधी करणं सक्तीचं आहे, कागदावरचा नोंदणी नंबर तिथे टाकून घरबसल्या बघता येतं. अटॅकमध्ये मात्र रात्रभर कागद वाचायला वेळ नसतो, तेव्हा घरचा एक शांत माणूस बरोबर ठेवा.

नाही म्हटलं तर डॉक्टर चिडून नीट उपचार करणार नाहीत ना?

नियमाने नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, मध्येच सोडायचाही आहे, आणि नेहमीचा उपचार तसाच मिळाला पाहिजे. कुणी चेहरा वाकडा केला तर तो त्याचा स्वभाव. माझ्याकडे दहात तीन-चार जण नाही म्हणायचे आणि मी चहा पाजून पाठवायचो.

महात्मा फुले योजनेत बसतं का?

अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही योजनेत आहेत, हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. ट्रायलमध्ये गेलं नाही तर योजना मिळणार नाही असं कुणी म्हटलं तर खोटं.

व्हॉट्सॲपवर अँजिओग्राफीची सीडी पाठवू का?

नको रे भो. मला त्यातलं तेवढंच दिसतं जेवढं तुम्हाला.

तुमच्या त्या मामांचं काय झालं?

चोपड्याचे मामा. स्थिर दुखणं, एकच नस, पंपिंग चांगलं, लेफ्ट मेन नाही. गोळ्यांवर राहायचं ठरवलं, तंबाखू सुटली, चालणं सुरू केलं, दीड वर्ष बरं चाललं. मग विहिरीच्या पायऱ्या उतरून वर यायला परत जड जायला लागलं, गोळ्या वाढवून झाल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं आता टाकून टाका ती स्प्रिंग. करेजमध्येही गोळ्यावाल्या तिघांपैकी एकाने पुढे कधीतरी नस उघडून घेतलीच होती. दिवसाची वेळ, मुलं बरोबर, कागद आदल्या दिवशी वाचलेला. आता पायऱ्या चढतात, अजूनही विचारलं की तेच उत्तर देतात, पण कोलेस्टेरॉलची गोळी रात्री मामी स्वतः हातावर ठेवते.